बारा फोटो आणि एक गोधडी

"टेप कशाला? माझी नजरच टेप आहे," असं शिंपी छाती फुगवून सांगायचा. पुरावा म्हणून नजरेच्या मापाने चपखल बसलेल्या बारा कोटांचे फोटो त्याने दुकानात टांगले होते. आता होणाऱ्या जावयाचा लग्नातला कोटही तो तसाच बेतायला निघाला, तेव्हा लेक रडकुंडीला आली.

"आई, बाबांना आवर ना."

बायकोने घरातून भलीमोठी गोधडी आणून कापायच्या टेबलावर पसरली.

"हे काय?"

"तुमचे फसलेले कोट. यांचे फोटो काढायचे राहिले वाटतं."

शिंपी तुकडे मोजू लागला. चाळिसाव्या तुकड्यावर त्याला हसू फुटलं, मग तिघंही पोट धरून हसत सुटली.

"जावईबापूंना बोलवा," तो डोळे पुसत म्हणाला. "आणि टेप कुठंय?"

"गोधडीच्या खिशात. एक खिसा मी मुद्दाम ठेवलाय."