मेजरसाहेबांची कॉफी

मेजरसाहेब हात एकाशी मिळवत आणि बघत मात्र त्याच्या खांद्यावरून पलीकडे, आणखी कुणी मोठा माणूस येतोय का ते. इराकशी झालेल्या युद्धानंतर कुवेतमध्ये सल्लागारांची झुंबड उडाली, तीत हे आमच्या कंपनीत आले. सैन्यातून निवृत्त, बाप लॉर्ड, गावी शिकारी कुत्र्यांसकट हवेली. सल्ला काय देत, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

मी रत्नागिरीचा. अरबी बऱ्यापैकी येई, म्हणून त्यांचा दुभाषा झालो. त्यांची गाडी दापोलीचा सदानंद चालवी. आम्ही दोघे अबू हलीफात एकाच खोलीत राहत होतो. "हमारा दादा पूनामें ठा," असं साहेब सदूला येता-जाता ऐकवत, जणू आजोबांनी सदूवर उपकारच केले होते. कोणतंही काम सांगा, उत्तर ठरलेलं: "लीव्ह इट विथ मी." मग ते काम तिथेच मरायचं.

अरबी रीतिरिवाजांवर मात्र व्याख्यान झोडत. नवा इंग्रज आला की गाडीत बसवून सांगत, "दिवाणियात, म्हणजे यांच्या बैठकीत, काही मागायचं असेल तर कॉफीचा पेला घ्यायचा आणि न पिता खाली ठेवायचा. यजमान विचारतो. मागणं मान्य झालं की मगच प्यायची. अशा पाहुण्याला नकार देणं त्यांना कमीपणाचं वाटतं." सदूला हे पाठ झालं होतं.

एकदा सदूच्या भावाचा फोन आला. आई अंथरुणाला खिळली होती आणि सारखं त्याचं नाव घेत होती. पासपोर्ट होता कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या मालकाकडे. बदली ड्रायव्हर मिळेपर्यंत तो सोडायला तयार नव्हता. सदूने साहेबांपुढे हात जोडले. "लीव्ह इट विथ मी," साहेब म्हणाले, "आज दिवाणियात मी स्वतः मागतो."

कफीलच्या बैठकीत मी साहेबांशेजारी बसलो, सदू दारात उभा राहिला. कॉफी आली. साहेबांनी ती एका घोटात संपवली, वाखाणली, वर दुसरी घेतली आणि मला म्हणाले, "यांना सांग, ससाणे सोडून करतात ती शिकार बघायची माझी फार इच्छा आहे." कफील खूश झाला. आमंत्रण तिथल्या तिथे मिळालं.

"साहेब, सदूचं?" मी कुजबुजलो.

"नॉट नाऊ. चांगली बैठक कशाला नासवायची?"

शेवटी मीच विषय काढला. कफीलने साहेबांच्या रिकाम्या पेल्याकडे पाहिलं आणि "बुकरा" म्हणाला. उद्या बघू.

परतताना साहेबांना उतरवल्यावर सदू एवढंच बोलला, "भाई, त्यानं पेला खाली ठेवलानच नाय."

पासपोर्ट सुटला तेव्हा दापोलीत आईच्या तेराव्याची तयारी चालली होती. साहेब तेव्हा वाळवंटात ससाणा हातावर घेऊन फोटो काढवून घेत होते. पुढे विलायतेत निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा हाच फोटो प्रचाराच्या पत्रकावर झळकला. निवडूनही आले. असल्या पोकळ माणसाला लोक मतं देतात, याची मला आजही चीड येते.

नंतरच्या युद्धाच्या वेळी खासदारसाहेब कुवेतला आले. कंपनीने चहापान ठेवलं. सदूला पाहताच त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि फोटोवाल्याला बोलावलं.

"हा माझा जुना माणूस. याच्या आईसाठी मी शेखशी भांडलो होतो. हाऊ इज युअर मदर, सडू?"

"मदर डेड, सर."

"स्प्लेंडिड!" साहेब कॅमेऱ्याकडे बघून हसले.

सदूने तो हात मनगटाशी धरून खांद्यावरून उचलला, खाली सोडला आणि चालू लागला.