डावीकडं झुकलेलं खुरपं

वारंगा फाट्यावर एसटीची वाट पाहताना मी रोज एका लोहाराच्या भट्टीजवळ उभा राहायचो. तो खुरपी हातानं घडवायचा आणि प्रत्येक खुरप्याची मान जराशी डावीकडं झुकायची.

"डावखुऱ्याचा हातोडा हाये, सायेब. बापानं लई मारलं, पण न्हाई सुधरलो," असं सांगून तोच आधी हसायचा.

यंदा शेजारच्या दुकानात परदेशी बनावटीची स्वस्त, चकचकीत खुरपी आली आणि त्याची गिऱ्हाइकं तिकडं वळली. एका सकाळी त्यानं त्यातलंच एक खुरपं माझ्यापुढं धरलं. त्याचीही मान डावीकडंच होती.

"नमुना माझाच नेला पाहा! माझी खोडसुद्धा बराबर उतरवली."

"मग तुम्ही आता सरळ घडवा की."

"काहून? सरळ केलं तर लोक माझ्याच मालाला नकली म्हणतील!"

हसता हसता त्याला ठसका लागला. पण भट्टीसमोर रचलेला न खपलेला माल मला दिसत होता.

मला शेत नाही; कुंडीतल्या तुळशीचं तणसुद्धा बायकोच काढते. तरी मी एक खुरपं मागितलं. देण्याआधी त्यानं ते डोळ्यांसमोर धरून नीट न्याहाळलं आणि पुरेसं वाकडं नाही म्हणून मानेवर आणखी एक घाव घातला.