भरमाची कालवड

पहाटे साडेतीनला भरमा शेण ओढायला लागायचा. निपाणीबाहेर कलगोंडा अण्णांच्या गोठ्यावर तो बारा वर्षं गडी होता. दहा गायी, एक फावडं, एक माणूस. कंबर वाकत गेली तसा फावड्याचा दांडा त्याला आखूड वाटेनासा झाला.

थोरल्या गायीनं वैरणीतून तार गिळली. डॉक्टरांनी कूस फाडून ती काढली. टाके सुकेपर्यंत भरमा तिच्याशेजारीच झोपला. मूठमूठ कोवळा मका भरवला, माश्या वारल्या. अण्णा खूश होऊन म्हणाले, "ही व्याली की पयली कालवड तुझी." गोठ्यात उभं राहून मालकानं दिलेला असा शब्द इकडं कुणी मोडत नाही.

गाय माजावर येईना, म्हणून डॉक्टरांनी हार्मोनचं इंजेक्शन दिलं. एक जादा बाटली ठेवली; गाभण गायीला दिली तर गर्भ पडतो, म्हणून ती विचारूनच द्यायची. वर बजावलं, "पहिला माज सोडा. जखम आतून भरू दे. दुसऱ्या माजाला भरवा."

पहिला माज आला त्या रविवारी अण्णा नि त्यांची बायको प्रेमलावहिनी स्तवनिधीला देवाला गेलेले. दुसरा माज येतो की न येतो, भरमाला धीर निघेना. त्यानं रेतन करणाऱ्याला बोलावलं, कालवडच होईल असलं महागडं रेतन करवलं, आपला पगार त्याच्या हातात ठेवला नि अण्णांना कळू दिलं नाही.

गाय परत माजावर आली नाही. तीन महिने वाट बघून अण्णांनी फ्रिजमधनं दह्यामागची बाटली काढली. डॉक्टरांना विचारलं नाही.

"अण्णा, पोटात काय असलं तर?"

"काय असणार? तार काढली की."

स्वतःच्या बोलण्यावर अण्णाच हसले. खरं सांगितलं तर भरमाचं काम जाणार, कालवडही जाणार. एका सुईनं काय होतंय, असं त्यानं मनाशी म्हटलं.

"धर की रं घट्ट."

भरमानं घट्ट धरली.

दोन दिवसांनी शेण ओढताना फावड्याला काहीतरी मऊ लागलं. वीतभर, बिनकेसाचं. त्यानं बादलीत धुऊन बघितलं. कालवडच होती. मागं अण्णा उभे होते. भरमानं सगळं सांगून टाकलं.

अण्णांनी आवाज चढवला नाही. "मग तुझीच की रं ही. शब्द दिलतो. ने घरला."

वहिनींनी पोतं दिलं. "पोतं तेवढं परत आण."

गायीची गर्भपिशवी साफ करायला डॉक्टरांनी आणखी एक इंजेक्शन लिहून दिलं. ते भरमाच्या त्या महिन्याच्या पगारातनं आलं. टोचताना गाय धरायला भरमाच होता.