शेठजींचा रंग आणि साताचा पाढा

…तर रंग वाळला होता, इथवर काल आलो होतो. चाळीसगावजवळच्या आपल्या गावच्या शाळेला भंवरलाल शेठजींनी रंगाचे डबे दिले, आणि सुट्टीत दुसरीचा वर्ग पांढराफेक झाला. सोमवारी दिपमालाबाई दार उघडतात तो काय, भिंतीवरचा पाढा गायब!

बाई मूळच्या धुळ्याकडच्या. बोलायला कमी, खडूनं कायम हात भरलेले. शेठजींची नात विधी त्यांच्याच वर्गात. घोकलेलं तिच्या डोक्यात राहत नसे, पण कुठली वस्तू कुठं होती हे कधी चुकत नसे. हे हेरून बाईंनी साताचा पाढा वर्गभर मांडला होता. सात दाराच्या कडीपाशी, चौदा कोनाड्यात, एकवीस ओलीच्या डागावर, आणि त्या डागाचं केलं बदक. विधी पाढा म्हणे ती भिंतीभिंतीनं चालत गेल्यासारखी.

नेमके त्याच दिवशी शेठजी आले. पाढा आला नाही तर पोर चाळीसगावच्या शाळेत, असं घरात ठरलेलं. तिथं हिला कुणी मठ्ठ म्हणून मागं बसवील, याची बाईंना धास्ती.

"म्हण बेटी, सात एके?"

विधी पांढऱ्या भिंतीवर बदक शोधू लागली.

"बठ्ठा वर्ग, सगळी पोरं पाढा म्हणस, आन् हाई मुकी!" शेठजी बाईंवर उखडले.

बाई विधीपाशी उकिडव्या बसल्या. "डोळे मिट. रंगाच्या आधीचा वर्ग बघ. बदक कुठं होतं?"

पोरीनं डोळे मिटूनच बोट दाखवलं. "तिथं. एकवीस. वर घड्याळापाशी अठ्ठावीस." मग जागच्या जागी फिरत फिरत ती सत्तरावर येऊन थांबली.

"हं. आता उलटा म्हण!" सगळा जन्म दुकानात तोंडी हिशेब केलेला माणूस, तो एवढ्यात ऐकतोय होय?

विधी उलटी फिरली. सत्तर, त्रेसष्ट, छप्पन्न… शेठजींचे ओठ तिच्यामागं हलत होते, ते एकोणपन्नासाशी अडले. पोर मात्र दाराच्या कडीपर्यंत पोचली.

शेठजींनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "बरं बाई, मग हिची शाळा बदलू का नको? आन् पुढल्या वर्षी शाळेला काय देऊ, तेही सांगा."

"पोर इथंच राहू द्या, शेठजी. आणि द्यायचंच असेल तर पंखा द्या, भिंतीला हात लावू नका."