पाहणीची खुर्ची

डल्सी प्रायर स्वस्थ बसलीय, असं तिच्या शेजारी जन्म काढूनही मी कधी पाहिलं नव्हतं. त्यात पूर आला. आमच्या गावची मेरी नदी घरात शिरून गेली आणि डल्सी नवऱ्याला, मर्व्हला घेऊन अंगणातल्या कॅरव्हॅनमध्ये, त्या चाकांवरच्या खोलीत, राहायला आली. ट्रॉय नावाचा बिल्डर घर उंच खांबांवर नव्याने बांधत होता. मर्व्हची छाती पार कामातून गेलेली. त्याचं एकच टुमणं, “मला माझ्या खोलीत झोपायचंय.”

घर झालं, जिन्याचा कठडा तेवढा राहिला. ट्रॉय म्हणाला, “डल्सी, उद्याच राहायला या की! कठड्याचं बघू नंतर.”

मी म्हटलं, जा बाई. पण ही हातात करार घेऊन येरझाऱ्या घालतेय!

“राहायला गेले की ताबा घेतला. ताबा घेतला की काम पूर्ण झालं असं धरणार. मग हा कठड्यासाठी परत येतोय होय? आणि मर्व्ह काय धरून चढणार, माझं डोंबल?”

“अगं, पण तोवर तो कॅरव्हॅनमध्येच गेला तर?” माझ्या तोंडून निघून गेलं. ती कराराची घडी घालून आत निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ही माझ्या दारात हजर. “ग्लेनिस, मालकाला वाजवी वेळी पाहणीचा हक्क आहे. करारातच लिहिलंय. चल, धर मर्व्हला एका बाजूने.”

मग रोज संध्याकाळी आम्ही मर्व्हला काखेत हात घालून वर न्यायचो. घडीची खुर्ची सोबत. तो आपल्या खिडकीशी बसायचा, आंब्याकडे बघता बघता डोळा लागायचा. अंधार पडला की ही त्याला हलवायची, “ऊठ. पाहणी संपली.”

“आजची रात्र राहू दे ना गं.”

“ऊठ म्हणते ना!”

असा संताप यायचा मला तिचा! खाली येताना ती तोंड फिरवून चालायची.

एकदा ट्रॉयने गाठलंच. “म्हणजे राहायला लागलात की!”

“पाहणी चाललीय. आत चमचासुद्धा ठेवलेला नाही, बघ हवं तर.”

मर्व्ह धापा टाकत म्हणाला, “रंग झकास दिलायस, पोरा.”

त्या दिवशी मर्व्हला ट्रॉयनेच खाली उतरवलं. शेवटच्या पायरीपर्यंत घामाघूम झाला बिचारा. त्याच आठवड्यात कठडा बसला.

किल्ल्या मिळाल्या, पलंग वर गेला. मर्व्ह कठडा धरून, थांबत थांबत आपला आपण चढला आणि आडवा झाला. अंधार पडला तसा दचकून उठला, खुर्ची चाचपू लागला. “आलो, आलो.”

डल्सी पलंगावर टेकली. “झोप रे. आज नाही उठवत.”