कंडक्टरीण अनुपमाच्या कळा

अनुपमा जिंतूर-सेलू गाडीवर कंडक्टर. तिनं स्टॉपचं नाव पुकारलं की शेवटच्या सीटवर घोरणारा पाहुणाही धडपडत उठायचा, असा आवाज. पण देवानं तिच्यात एक खोडी करून ठेवलेली. दुखायला लागलं की ही बाई मुकी व्हायची. दाढ काढताना डॉक्टरला वाटलं, पेशंटला झोप लागली.

पहिलटकरीण म्हणून दवाखान्यात भरती झाली आणि तीच खोडी मुळावर आली. तिथल्या राजेश्री सिस्टर वीस वर्षं मुरलेल्या. टेबलाशी बसूनच, नुसत्या आवाजावरून त्या कोणाचं कुठवर आलंय ते ओळखायच्या. 'आई गं' म्हणजे अजून संध्याकाळपर्यंत वेळ. नवऱ्याचा उद्धार सुरू झाला म्हणजे हातमोजे चढवा. अनुपमा गप. म्हणजे तिचं काहीच नाही.

सासू गौराबाई दोनदा जाऊन विनवून आली.

"सकाळी तपासलंय की मावशी. लय टाइम हाय. पडून राहा म्हणावं."

पडलं की कंबर फुटायची. अनुपमा उठली आणि खाटेचा दांडा धरून, खड्ड्यातल्या गाडीत राहते तशी पाय रोवून उभी राहिली. कळ आली की गुडघे सैल सोडायची, डुलायची, लांब श्वास सोडायची. मागून गौराबाई कंबर दाबायची. सोसवत होतं.

"अगं, जरा वरड की. त्याबिगर कोण बघंल?"

"खोटं कसं वरडू, आत्या?"

"मग मी वरडू का?"

एवढ्यात सिस्टर आल्या. "उभी का? पड बघू."

सिस्टरनी आता ऐकलं नाही तर लेकरू फरशीवर होणार, हे अनुपमाला पक्कं कळत होतं.

"सिस्टर, साडेअकरापासून दर तीन मिन्टाला कळ यायलीय. मिनिटभर टिकतीय. शेवटच्या चार तर दोन-दोन मिन्टांवर आल्या. खाली जोर यायलाय. तपासण्यापुरती पडते. पण मग उभी राहू द्या, उभ्यानं सोसतंय."

कळांचं असं टाइमटेबल सिस्टरला आजवर कुणी दिलं नव्हतं. त्यांनी तपासलं, आणि तोंडावरचा रुबाब उतरला.

"पूर्ण उघडलंय की गं. बोलली का न्हाईस?"

"आत्या दोनदा बोलल्या."

 सिस्टर खाली चादर अंथरून स्वतःच गुडघ्यावर बसल्या. पोटाला यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकले. "राहा उभी. मावशी, मागून धरा तिला. मी म्हणल तवाच जोर लाव."

पंधरा मिनिटांत मुलगी झाली. आईनं पाळलेलं मौन लेकीनं एका दमात मोडलं. बाहेर चहा पीत असलेल्या अनुपमाच्या नवऱ्याच्या, सोमेश्वरच्या शर्टावर अर्धा कप सांडला.

पलीकडच्या खाटेवर एक पोरगी भिंतीकडं तोंड करून निपचित पडलेली. हात धुऊन सिस्टर टेबलाकडं न जाता तिच्याजवळ गेल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "कसं कसं व्हायलंय तुला? कसं बरं वाटतंय?"

पोरगी बावरून इकडंतिकडं बघायला लागली.

"सांग गं सगळं," लेकीला छातीशी धरलेली अनुपमा म्हणाली. "ऐकतेत त्या."