जावयाचं हाड

माझ्या सासऱ्यांच्या वरच्या जबड्यात माझं हाड नाही.

हे मी आजवर घरात कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सासूबाईंना नाही आणि ज्यांच्या जबड्याचा प्रश्न आहे त्या आबांना तर नाहीच नाही. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? कुठल्याच सासऱ्याच्या जबड्यात जावयाचं हाड नसतं! बरोबर. पण एकदा परंदवडीत जाऊन विचारा. अख्खं गाव सांगेल की आबांच्या तोंडात जावयाचं हाड आहे. काही जण तर ते डाव्या बाजूचं की उजव्या, हेही सांगतील.

मी कुसगावात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर असतो. स्वभावाने अबोल. कामावर मुख्यतः एकच वाक्य बोलतो, "सर, गरम पाणी पाच मिनिटांत येतंय." (येत नाही.) सासरी तर तेवढंही बोलायची वेळ येत नसे. लग्नाला वीसेक वर्षं झाली तरी आबा मला 'पाव्हणं'च म्हणत. "पाव्हणं, बसा." "पाव्हणं, च्या घ्या." "निगालात व्हय पाव्हणं?" आमचं सगळं संभाषण एवढ्यात आटपायचं, आणि दोघांनाही त्यात सुटल्यासारखं वाटायचं.

आबांची गुलाबाची नर्सरी आहे. गावठी गुलाबाच्या खुंटाला चीर देऊन, तिच्यात चांगल्या जातीचा डोळा (म्हणजे फांदीवरचा कोंब) भरून कलम बांधावं ते आबांनीच! यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. हात कसला, दात म्हणा! डाव्या हातात खुंट, उजव्या हातात चाकू आणि प्लास्टिकच्या पट्टीचं टोक पुढच्या दातांत. पट्टी दातांत ताणून धरल्याशिवाय त्यांना कलम बांधताच येत नाही. आणि जन्मभर मिश्री लावलेले ते वरचे पुढचे दोन दात एका सकाळी पट्टीबरोबरच बाहेर आले!

काढता-घालता येणारे दात करून पाहिले. पट्टी ओढली की दातही पट्टीमागून यायचे. एकदा तर ते कलमातच बांधले गेले. (ते कलम लागलं म्हणतात. मी खात्री केलेली नाही.) शेवटी आबांनी चाकू खुंटीला अडकवला आणि ओसरीवर बसून राहिले. जेवण निम्म्यावर आलं. नर्सरीत परक्या माणसाने बांधलेली कलमं वाळायला लागली. आबा ती बघायचे आणि मान फिरवायचे.

तेव्हा माझी बायको सुरेखा मला म्हणाली, "अहो, लोणावळ्यात त्या डॉक्टरीणबाई पक्के दात बसवतात. आबांना घेऊन जा. आणि ते नाही म्हणाले तर जरा चार शब्द बोला. शब्द फुकट असतात!"

मी आबांना घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला आणि म्हणाल्या, "आबा, दात बसवू, पण दाताचा स्क्रू धरायला तिथं हाडच उरलेलं नाही. आधी हाड भरू, काही महिने मुरू देऊ. त्याच्या आधाराने नवं हाड तयार झालं, की मग स्क्रू आणि मग दात."

"भरायचं म्हंजी? डोळा भरत्यात तसं?" आबा खुर्चीत ताठ झाले.

"अगदी तसंच. कलमच समजा!"

"आन् हाड कुनाचं?"

"ते बाटलीत तयार मिळतं. किंवा..."

एवढ्यात शेजारच्या खोलीत कुणीतरी बोंब ठोकली आणि बाई तिकडे धावल्या. त्या 'किंवा'च्या पुढचं ऐकायला आबा थांबले नाहीत. गळ्यातल्या हिरव्या फडक्यासकट ते उठले, जिना उतरले आणि थेट चिक्कीच्या दुकानासमोर! मी मागोमाग.

"आबा, कुठं निघालात?"

"घरला! पाव्हणं, मी डोळा घेतो तवा आदी झाड बघून येतो. माती कसली, कीड हाय का, फूल कसं येतंय. आन् माज्या तोंडात बाटलीतलं हाड? मानसाचं का जनावराचं? कुटल्या गावचं? न्हाई जमायचं!"

"अहो, पण..."

"खुंट माजा हाय. डोळा कुनाचा, ते सांगा!"

चिक्की घेणारी गिऱ्हाइकं आमच्याकडे बघत होती. आबांच्या गळ्यातलं फडकं फडफडत होतं. मला सुरेखाचे चार शब्द आठवले. मी तोंड उघडलं आणि माझ्याही नकळत रिसेप्शनचा आवाज बाहेर पडला.

"आबा, माझं हाड घेतायत."

(मोजा. बरोबर चार!)

आबा थबकले. त्यांनी मला खालून वर पाहिलं, डोळा घेण्याआधी झाड बघतात तसं. मग माझी हनुवटी चिमटीत धरून उजवीकडे फिरवली, डावीकडे फिरवली.

"कीड?"

"नाही."

"मग चला!"

आत आबांच्या डोळ्यांवर कापड टाकलं. त्यामुळे बाहेर जावई हाड देतोय की स्टेशनजवळ वडापाव खातोय, हे त्यांना दिसायचा प्रश्न नव्हता. (वडापाव. दोन.) परत आल्यावर मी दवाखान्यातल्या बेसिनसमोर गालात कापसाचा बोळा कोंबत होतो, तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर येऊन मला बरंच काही समजावून सांगायला लागल्या. माझं लक्ष बोळ्याकडे. मी हॉटेलातल्या सवयीने "हो हो, हो हो" म्हटलं आणि आबांना घेऊन निघालो.

परंदवडीत हाहाकार! सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. सुरेखाच्या डोळ्यांना धार लागली. "इतकं दिलंत आणि बोलला पण नाहीत?" मी गालाकडे बोट दाखवलं. "राहू दे, राहू दे! आठवडाभर तोंडच उघडू नका." मी उघडलं नाही. खरं सांगायचं तर कुणाला काही फरकही जाणवला नाही.

आबांना एकच कोडं पडलं होतं. "काम केलं म्होरं आन् ठनकतंय मागं, दाढंच्या पल्याड! ह्ये कसं?" त्याचं उत्तरही त्यांनीच शोधलं. "पाव्हण्याचं हाड हाय. लाजतंय. मागंमागंच ऱ्हातंय!"

तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. गावच्या उरुसाला सगळी पंगत मटणावर तुटून पडली आणि माझ्या ताटात पेज! "पाव्हण्याला हाडूक द्यायचं न्हाई," असा आबांचा हुकूमच होता. मी सोसलं, सोसलं आणि शेवटी एक नळी हळूच उचलून नर्सरीमागे जाऊन बसलो. ती कडाकडा फोडतो आहे, तोच समोर आबा! माझ्या घशात मटण आणि तोंडात पुरावा. आता संपलं सगळं!

आबांचे डोळे भरून आले.

"आरं लेका," ते म्हणाले, "हाडाची झीज हाडानंच भरून काडतुयास व्हय? चाव, चाव! लाजू नगंस!"

लेका! वीस वर्षांत पहिल्यांदा मी पाव्हण्याचा लेक झालो, तोही हातात चोरलेलं हाडूक घेऊन! त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण तोंड भरलेलं होतं. (हे कारण मी पुढे कित्येक महिने वापरलं, तोंड रिकामं असतानाही.)

मग गावकरी यायला लागले. शेजारचे गणपतभाऊ आपल्या आईला हाताला धरून घेऊन आले. "म्हातारीला एक दाढ बसवायचीय. तुमचं हाड लय चांगलं लागतंय म्हनं." म्हातारीने माझी हनुवटी दाबून पाहिली. "मोटी हाय की! आजून दोगांपुरतं निगंल!"

मी घाबरून आबांकडे पाहिलं. आबा उसळले, "एका झाडाचं किती डोळं काडशीला, गणपत? झाड वाळंल ना माजं!"

माजं! आता तर मला रात्रीची झोप लागेना. इतक्या मायेने मला आजवर कुणी आपलं म्हटलं नव्हतं, आणि तेही न दिलेल्या हाडासाठी!

काही महिने गेले. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला आणि टाळी वाजवली. "हाड धरलं, आबा!" मग स्क्रू बसला, आणखी काही महिन्यांनी दात बसले, आणि एका रविवारी अर्धं परंदवडी नर्सरीत जमलं. आबांनी खुंटीवरचा चाकू काढला. खुंटाला चीर दिली, डोळा बसवला. पट्टीचं टोक नव्या दातांत धरलं. सासूबाईंनी पदर तोंडात घातला. गणपतभाऊ म्हणाले, "दमानं, आबा, दमानं!" आबांनी पट्टी ताणली. ताणली, आणखी ताणली! मानेच्या शिरा टरारल्या! पट्टी फाटेल की दात निघतील? दात हलेनात! एक वेढा, दुसरा वेढा, गाठ!

गाव ओरडलं. मीही ओरडलो! (लोक दचकले. त्यांनी माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला होता.) आबांनी मला मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लागलं रं लेका, तुजं कलम लागलं!"

इथं गोष्ट संपली असती तर मी हे लिहिलंही नसतं. पण उरुसाच्या त्या नळीने माझ्या दाढेला तडा दिला होता. ती दुखत राहिली, मी बोललो नाही. ती सुजली, तरी बोललो नाही. शेवटी ती काढावी लागली, आणि फोटो बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फार उशीर केलात. हाड खाल्लं गेलंय. तुम्हालाही हाड भरावं लागणार."

सुरेखा शेजारीच होती. तिने तिथूनच आबांना फोन लावला. फोनमधून येणारा आवाज वेटिंग रूममध्येही ऐकू गेला.

"मंग त्यात काय! माज्यातलं काडा! त्याचंच हाय, त्येला परत!"

सुरेखा फोन घेऊन बाहेर गेल्यावर मी बाईंपुढे हात जोडले. "मॅडम, तुम्ही वापरलेलं हाड बाटलीतलं होतं, हे आबांना सांगू नका. त्यांना ते माझं वाटतंय."

बाईंनी चष्मा काढला. "बाटलीतलं? अहो, ते त्यांचंच हाड आहे! खालच्या जबड्यातून, मागच्या दाढेपलीकडून काढलेलं. मी त्यांना विचारलं, 'आबा, बाटलीतलं नको तर घरचंच घेऊ ना?' ते म्हणाले, 'घरचंच घ्या!' तुम्हालाही बाहेर येऊन सगळं सांगितलं. तुम्ही 'हो हो' म्हणालात!"

म्हणजे मी खोटं बोललोच नसतो, त्या 'किंवा'पुढचं ऐकायला आबांना फक्त परत वर नेलं असतं, तरी हेच झालं असतं! खुंटही आबांचा, डोळाही आबांचा. माझे होते ते फक्त दोन वडापाव.

उद्या आबा येताहेत, मला माझं हाड परत करायला. सुरेखा सांगत होती, हाड ताकदीचं निघावं म्हणून रोज नाचणी खाताहेत आणि मिश्रीची डबी त्यांनी उकिरड्यावर फेकली आहे. मी सकाळपासून रिसेप्शनवर उभा राहून घोकतो आहे, "आबा, हाड माझं नव्हतं." याही खेपेला चारच शब्द आहेत. आत्ताच एका गिऱ्हाइकाने विचारलं, "काय म्हणालात?" मी म्हणालो, "गरम पाणी पाच मिनिटांत येतंय, सर."

सुरेखा म्हणते शब्द फुकट असतात. (नसतात.) हे चार बोललो की मी पुन्हा पाव्हणं होणार.

तरीही, आबांना मी चार शब्द आणि एक हाड देणं लागतो.